पुढचा भाग आला का?

गोरखपूरच्या मिशन शाळेत आठवीत शिकणाऱ्या धनपतरायने गावातल्या एका पुस्तकविक्रेत्याशी सौदा जमवला होता. दुकानातली इंग्रजीची गाइडं आणि नोट्स शाळेत नेऊन पोरांना विकायच्या आणि त्या बदल्यात दुकानातल्या उर्दू कादंबऱ्या घरी नेऊन वाचायच्या. वय तेराच्या आसपास, वडील पोस्टात कारकून. पुस्तकं विकत घेण्याची ऐपत नाही आणि दिवसभर दुकानात ठाण मांडून बसणंही शक्य नाही, म्हणून ही तोड. दोन-तीन वर्षांत मुलाने शेकड्यांनी कादंबऱ्या फस्त केल्या. त्या संपल्यावर त्याने मोर्चा वळवला तो लखनऊच्या नवलकिशोर प्रेसच्या जाडजूड पुस्तकांकडे. आधी पुराणांची उर्दू भाषांतरं, आणि त्यांच्या जोडीला ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ ही उर्दू अद्भुतकथा.

हा धनपतराय म्हणजे पुढचे प्रेमचंद. ‘गोदान’ लिहिणाऱ्या माणसाला वाचनाचं वेड लागलं ते जादूगार, राक्षस आणि ऐयार म्हणजे बहुरूपी हेर यांच्या संगतीत, हे त्यांनीच एका आठवणीत सांगून ठेवलं आहे. होशरुबाचे तेव्हा सतरा भाग निघाले होते आणि एकेक भाग दोन-दोन हजार पानांचा होता, असं त्यांना आठवत होतं. माणसाने साठ वर्षं बसून हे नुसतं उतरवून काढायचं म्हटलं तरी पुरं व्हायचं नाही, असंही ते म्हणतात. हिशेब जरा सुटला आहे. होशरुबाचे खंड सात, त्यातला पाचवा दोन पुस्तकांत विभागलेला. पण त्याच कथाचक्रातली इतर पुस्तकंही त्याच छापखान्यातून एकामागून एक बाहेर पडत होती. कुठलं पुस्तक कुठल्या गठ्ठ्यातलं हे मोजत बसायला त्या वयात फुरसत कुणाला असते?

त्या आठवणीचं साल मात्र लक्षात घेण्याजोगं आहे. १८८० मध्ये जन्मलेला हा मुलगा तेरा वर्षांचा झाला १८९३ मध्ये. होशरुबाचा पहिला खंड १८८३ चा आणि शेवटचा १८९३ च्या सुमाराचा. म्हणजे धनपतराय वाचत होता ते आजोबांच्या पेटीतलं पिवळं पडलेलं पुस्तक नव्हे. छापखान्याची शाई नुकतीच वाळलेली, अजून पुरती न झालेली मालिका होती. अद्भुत कथांच्या मालिकेमागे लागलेला वाचक म्हटलं की हल्ली हॅरी पॉटरच्या प्रतीसाठी मध्यरात्री दुकानाबाहेर लागलेल्या रांगा आठवतात. त्याच्या शंभरेक वर्षं आधी गंगेच्या खोऱ्यात हे वेड इतकं पसरलं होतं, की त्याच्या जोरावर छापखाने चालले, लेखक बदलले आणि लोक नवी लिपी गिरवायला बसले.

कथा मुळात अमीर हमजाची. हमजा हे पैगंबरांचे चुलते. पण दास्तानमधल्या, म्हणजे या लांबलचक अद्भुतकथेतल्या, हमजाचा इतिहासाशी संबंध नावापुरताच. इराणातली ही कथा हिंदुस्थानात आली आणि फोफावली. अकबराने तिच्यावरून सुमारे १४०० चित्रं काढून घेतली. मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद या इराणी चित्रकारांच्या देखरेखीखाली ते काम साधारण पंधरा वर्षं चाललं. हातभर उंचीची, कापडावर रंगवलेली ही चित्रं, पाठीमागे मजकूर. आज त्यांतली थोडीच शिल्लक आहेत आणि जगभरच्या संग्रहालयांत विखुरली आहेत.

दरबारात आणि चौकात ही कथा सांगणारा तो दास्तानगो. त्याच्या कसबात एक गोष्ट फार मोलाची मानली जाई. ती म्हणजे ‘दास्तान रोकना’. कथा पुढे न सरकवता श्रोत्याला जागेवर खिळवून ठेवायचं. याबद्दल एक आख्यायिका सांगतात. एका रईसाला परगावी जावं लागलं. जाताना त्याने दास्तानगोला विनंती केली, की नायक-नायिकेची भेट मी आल्याशिवाय होऊ देऊ नका. दास्तानगोने शब्द दिला. रईस बऱ्याच दिवसांनी परतला, तर नायक अजून पडद्यापाशीच उभा आणि पडदा अजून उचलायचाच. मधल्या सगळ्या रात्री कारागिरीच्या, कपड्यांच्या, दागिन्यांच्या आणि मनातल्या घालमेलीच्या वर्णनात गेल्या होत्या. आख्यायिका खरी असो नसो, श्रोते मात्र रोज येत राहिले हा तिचा गाभा आहे. गोष्टीचा शेवट हवा म्हणून बसलेले लोक शेवट लांबवणाऱ्यावर खूष होते.

कागदावरच्या दास्तानचा शौकही जुना. मिर्झा गालिब एका पत्रात मित्राला मोठ्या खुशीत कळवतात, की हमजाच्या दास्तानचा भलामोठा ग्रंथ हाती आला आहे, तेवढाच ‘बोस्तान-ए-खयाल’चाही आला आहे आणि कोठीत उत्तम मद्याच्या सतरा बाटल्या आहेत; तेव्हा दिवस वाचनात आणि रात्र पिण्यात चालली आहे. बोस्तान हीदेखील मालिकाच. अहमदाबादहून दिल्लीला गेलेल्या मीर तकी खयाल यांनी अठराव्या शतकात ती फारसीत लिहिली, पंधरा खंडांत.

हे सगळं मूठभरांपुरतं होतं. ते गावोगाव नेलं मुन्शी नवलकिशोर यांनी. १८५७ च्या उठावात लखनऊ उद्ध्वस्त झालं आणि दुसऱ्याच वर्षी या बावीस वर्षांच्या तरुणाने तिथे छापखाना काढला. कुराण, पुराणं, वैद्यक, कायदा, शाळेची पुस्तकं, ‘अवध अखबार’ हे वृत्तपत्र. त्याने काय छापलं नाही हेच विचारावं. उर्दूची नस्तालीक लिपी खिळ्यांत बसवणं महाकठीण, म्हणून काम शिळाछापाचं. कातिब म्हणजे सुलेखनकार तेलकट शाईने खास कागदावर पान लिहून काढी, ते पान दगडावर उलटवलं जाई आणि त्या दगडावरून प्रती निघत. छापील पुस्तक हाताने लिहिल्यासारखं दिसे आणि तरी स्वस्त पडे. ‘अवध अखबार’मधून १८७८ पासून रतननाथ सरशार यांचा ‘फसाना-ए-आजाद’ हप्त्याहप्त्याने येऊ लागला, तेव्हा पुढच्या हप्त्याची वाट पाहणारा वाचक किती कामाचा असतो हे या छापखान्याला नेमकं कळलं असणार.

मग त्यांनी हमजाला हात घातला, तो मधूनच. लखनऊच्या परंपरेत या दास्तानची आठ ‘दफ्तरं’, म्हणजे विभाग, मानली जात. पहिलं नौशेरवाननामा, होशरुबा पाचवं. पण श्रोत्यांचा जीव होशरुबावर. त्याची मूळ कल्पना लखनऊचे दास्तानगो मीर अहमद अली यांची मानली जाते, आणि तोवर ते मैफलींत गाजून झालं होतं. धंद्याचं गणित साफ होतं: जे खपेल ते आधी. १८८३ मध्ये मुहम्मद हुसैन जाह यांच्या लेखणीतून होशरुबाचा पहिला खंड निघाला आणि वाचकांनी मालिका पाचव्या पायरीवरून चढायला घेतली. आरंभीचे खंड मागाहून आले.

होशरुबात आहे तरी काय? तिलिस्म म्हणजे जादूगाराने रचलेली एक अख्खी सृष्टी. तिथलं आकाश त्याचं, नद्या त्याच्या, नियम त्याचे. होशरुबा हा असा एक तिलिस्म आणि अफरासियाब त्याचा बादशहा. पण प्रत्येक तिलिस्म बांधला जातानाच त्याच्या नाशाची तजवीजही झालेली असते. तो कोण मोडणार हे ठरलेलं असतं आणि त्या ‘तिलिस्मकुशा’च्या हाती एक ‘लौह’, म्हणजे पाटी, यावी लागते. पुढचं पाऊल कसं टाकायचं ते ती पाटी सांगते. हा मान इथे हमजाच्या नातवाचा, असदचा. असद आधीच कैदेत पडतो आणि मग हजारो पानं आघाडी सांभाळतो तो अमर ऐयार.

खरा नायक हाच. ऐयार म्हणजे हेर, बहुरूपी, चोर आणि वेळेला सेनापती. अमरच्या खांद्याला ‘जंबील’ नावाची झोळी असते. तिच्यात काय मावतं? सगळं. लुटलेला खजिना, तंबू, शत्रूचे सरदार, शहरंच्या शहरं. कैद्यांना आत कामाला जुंपलेलं असतं. अमर इतका कंजूष की लढाई संपली की रणांगणावरची चिंधीसुद्धा झोळीत टाकतो. अदृश्य होण्यासाठी त्याच्याकडे घोंगडी आहे. जादू त्याला येत नाही; त्याची सगळी भिस्त वेषांतरावर आणि डोक्यावर. समोर बलाढ्य जादूगारिणी आहेत, त्यांतल्या काही फुटून हमजाच्या बाजूला येतात, आणि रोज नवी लढाई पेटते.

मालिका लांबवण्याची कळही कथेतच बसवलेली आहे. लका नावाचा एक राक्षस स्वतःला देव म्हणवतो. हमजा त्याला हरवतो, लका पळतो आणि पुढच्या राज्यात आसरा घेतो. ते राज्य पडलं की त्याच्या पुढचं. होशरुबाची सुरुवातही अशीच होते: लका आश्रयाला आलेला, आश्रय देणारा राजा अडचणीत आणि त्याने शेजारच्या अफरासियाबला मदतीला बोलावलेलं. लका पळू शकतो तोवर पुढचा खंड निघू शकतो. छापखान्याला याहून चांगला राक्षस मिळाला नसता.

चार खंड झाल्यावर जाह आणि छापखाना यांचं बिनसलं आणि १८९० च्या सुमारास जाह बाहेर पडले. मालिका ऐन रंगात आलेली, वाचक वाट पाहताहेत. नवलकिशोर प्रेसने काम अहमद हुसैन कमर यांच्याकडे सोपवलं. त्यांनी पाचव्यापासून सातव्यापर्यंतचे खंड लिहून होशरुबा तडीला नेलं आणि जाता जाता जाहना टोमणे मारायची संधी सहसा सोडली नाही. आजही होशरुबाचे जाणकार जाहच्या चार खंडांना मोठं मानतात. तरी कमर आले नसते तर अफरासियाब मेलाच नसता, हेही खरं. पुढे कमर आणि शेख तसद्दुक हुसैन या दोघांनी मिळून हमजाचा सगळा गाडा ओढला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत एकूण ४६ खंड झाले. सरासरी नऊशे पानं धरली तरी चाळीस हजारांवर पानं भरतात. या चाळीस हजार पानांना ‘लेखक’ कोण, असं तेव्हाच्या वाचकाला विचारलं असतं तर त्याला प्रश्न विचित्र वाटला असता. त्याला पुढचा खंड हवा होता. मुखपृष्ठावरचं नाव दुय्यम.

हे लखनऊला चाललं असताना बनारसमध्ये एका ठेकेदाराचा धंदा बसला.

देवकीनंदन खत्री यांचा जन्म १८६१ चा, बिहारमधला. काशीनरेशांकडून त्यांनी चकिया आणि नौगढच्या जंगलांचा ठेका घेतला होता. त्या निमित्ताने विंध्याच्या त्या कुशीत दऱ्या, गुहा, पडके किल्ले, बुजलेल्या विहिरी सगळं पायाखालून गेलं. ठेका गेल्यावर हाताशी उरलं ते हेच. १८८८ पासून ‘चंद्रकांता’चे भाग निघू लागले. नौगढचा राजकुमार वीरेंद्रसिंह, विजयगढची राजकन्या चंद्रकांता, तिच्यावर डोळा असलेला दिवाणाचा मुलगा क्रूरसिंह आणि चुनारचा राजा शिवदत्त. यातली गावं कल्पनेतली नाहीत. चुनारचा किल्ला मिर्झापूर जिल्ह्यात गंगेच्या काठी उभा आहे, विजयगढ सोनभद्रमध्ये आहे, नौगढ चंदौलीत. वाचकाला तिलिस्मचा पत्ता माहीत होता, फक्त दरवाजा सापडायचा होता.

खत्रींनी होशरुबाची चौकट घेतली आणि तिच्यातली जादू काढून टाकली. त्यांच्या तिलिस्ममध्ये दगडी माणसं हलतात ती आत दडवलेल्या यंत्रांमुळे, माणूस बेशुद्ध पडतो तो औषधामुळे, भिंत सरकते ती कळ दाबल्यामुळे. हे सगळं शक्य कोटीतलं आहे असा त्यांचा दावा होता आणि त्यावर ते हिरिरीने लिहीतही. ऐयार मात्र त्यांनी जसाच्या तसा उचलला. तेजसिंहच्या बटव्यात बेशुद्धीची पूड असते, शुद्धीवर आणायला हुंगवायचा लखलखा असतो, भिंत चढायला कमंद असतो, चेहरा बदलायला रंग असतात. पकडलेल्या ऐयाराला मारायचं नाही, कैदेत ठेवायचं, असा त्या जगाचा कायदा. त्यामुळे कुठलाही ऐयार कायमचा संपत नाही आणि मालिकेला माणसांची ददात पडत नाही. समोर उभा असलेला मित्र खरा की मित्राचं सोंग घेतलेला शत्रू, हे पात्रांना सतत तपासून घ्यावं लागतं. दर चार पानांनी वाचकही तेच करत असतो.

प्रकरणांना ‘बयान’ म्हटलेलं. बयान छोटं, एखाद्याला भुयारात कोंडायचं, आणि आता याला इथेच राहू द्या, तिकडे काय चाललंय ते पाहू, असं म्हणून निवेदक खुशाल निघून जातो. वाचकाने दात-ओठ खावेत आणि पान उलटावं.

‘चंद्रकांता’ चार भागांत संपली. वाचकांनी ती संपू दिली नाही. तिच्या मुलांची कथा म्हणून ‘चंद्रकांता संतति’ आली, ती चोवीस भागांची. १८९८ मध्ये खत्रींनी बनारसमध्ये स्वतःचा लहरी प्रेस काढला. म्हणजे लेखक, छापणारा आणि विकणारा एकच. ‘संतति’मध्ये भूतनाथ नावाचा एक ऐयार आहे. काळंबेरं पूर्वायुष्य, चेहऱ्यावर सतत कुणीतरी ओळखेल ही भीती. वाचकांना राजपुत्रांपेक्षा त्याच्याबद्दलच जास्त कुतूहल, म्हणून पुढची मालिका त्याच्या जीवनकथेची.

या लाटेचं खरं वजन कळायला त्या काळचं कचेरीतलं वातावरण ध्यानात घ्यावं लागतं. तेव्हाच्या वायव्य प्रांतात कोर्टाचं काम फारसी लिपीतल्या उर्दूत चाले. नोकरी-धंद्यासाठी नागरी शिकून काडीचा फायदा नव्हता. कोर्टात नागरीलाही मुभा देणारा लेफ्टनंट गव्हर्नर मॅकडॉनेल यांचा हुकूम निघाला १८ एप्रिल १९०० ला. बनारसचीच नागरी प्रचारिणी सभा १८९३ पासून त्यासाठी झटत होती. अर्ज, सह्या, निवेदनं चालू होती. त्याच काळात त्याच शहरातून निघणाऱ्या या पुस्तकांसाठी उर्दू वाचणारे कितीतरी लोक आपखुशीने नागरी गिरवू लागले. सरकारी हुकुमाची त्यांनी वाट पाहिली नाही. वीरेंद्रसिंह तिलिस्ममधून बाहेर येतो का, एवढंच त्यांना हवं होतं. खत्रींची भाषाही अशी बेताची, की उर्दूवाल्याला ती परकी वाटू नये.

ही गोष्ट नोंदवली ती रामचंद्र शुक्ल यांनी, १९२९ मध्ये आलेल्या आपल्या ‘हिंदी साहित्य का इतिहास’मध्ये. खत्रींनी जितके वाचक निर्माण केले तितके दुसऱ्या कुठल्याही ग्रंथकाराने केले नाहीत, हे ते मोकळेपणाने मान्य करतात. आणि लगेच हेही सांगतात, की या कादंबऱ्यांत नुसत्या घटनांची रेलचेल आहे, त्यामुळे साहित्य या पदवीला त्या पोचत नाहीत. शुक्लांचा दबदबा असा, की हा निकाल पुढे दोन पिढ्या पाठ्यपुस्तकांतून फिरत राहिला. वाचकांच्या उड्या मोजायच्या आणि त्या ज्यावर पडल्या त्याला दाराबाहेर ठेवायचं, हा समीक्षेतला जुनाच न्याय.

१९१३ मध्ये खत्री वारले. ‘भूतनाथ’चे सहा भाग झाले होते.

मुलगा दुर्गाप्रसाद तेव्हा अठरा वर्षांचा. पुढे ‘लाल पंजा’, ‘रक्तमंडल’ अशा स्वतःच्या कादंबऱ्यांनी त्याने नाव मिळवलं. पण त्याच्यापुढे वडिलांचं अर्धं राहिलेलं भुयार होतं आणि त्यात वाचक अडकून पडले होते. दुर्गाप्रसादने ‘भूतनाथ’ एकवीस भागांपर्यंत नेऊन पुरं केलं. म्हणजे दोन-तृतीयांशाहून जास्त ‘भूतनाथ’ मुलाचं आहे. वर ‘रोहतासमठ’ ही याच जगातली आणखी एक कादंबरी त्याने जोडली. बापाने सोडलेली अद्भुतकथा मुलाने संपवण्याचा परिपाठ आपल्याकडे तसा बाणभट्टापासूनचा. ‘कादंबरी’ अर्धी टाकून बाण गेला आणि उत्तरार्ध त्याच्या मुलाने, भूषणभट्टाने रचला. फरक इतकाच, की भूषणभट्टाच्या दाराशी कुणी पुस्तकविक्रेता पुढच्या भागाच्या प्रतींसाठी उभा नव्हता.

अमेरिकेत हेच शंभर वर्षांनी घडलं. रॉबर्ट जॉर्डन यांच्या ‘द व्हील ऑफ टाइम’ या अद्भुत मालिकेचा पहिला खंड १९९० चा, अकरा खंड करून शेवटच्याची टिपणं मागे ठेवून ते २००७ मध्ये गेले. त्यांच्या पत्नी हॅरिएट मॅकडूगल याच त्यांच्या संपादक. ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाने जॉर्डनना लिहिलेली आदरांजली वाचून त्यांनी त्याच्याकडे काम दिलं. हा सँडरसन स्वतः त्या मालिकेवर पोसलेला वाचक. उरलेल्या एका खंडाचे तीन झाले आणि २०१३ च्या जानेवारीत चौदाव्या खंडाने मालिका मिटली. जाह-कमर प्रकरणासारखे सूर इथेही निघालेच: नव्याच्या हातात कुठलं पात्र बिघडलं, कुठलं सुधारलं. उलट जॉर्ज मार्टिन हयात आहेत आणि त्यांची तशीच अद्भुत मालिका पाचव्या खंडावर, २०११ पासून अडून आहे. दूरचित्रवाणीवाल्यांनी मात्र २०१९ मध्ये आपला शेवट करून टाकला. नवलकिशोर प्रेसने लेखक बदलून प्रश्न मिटवला असता.

मराठीत काय? अद्भुताची तहान इथेही होती आणि तिची कुळकथा तर पैठणला जाते. गुणाढ्याने पैशाची भाषेत सात लाख श्लोकांची बृहत्कथा रचली, सातवाहन राजाने ती झिडकारली, आणि गुणाढ्य डोंगरावर बसून एकेक पान वाचून आगीत टाकू लागला. रानातली जनावरं चरायचं सोडून भोवती ऐकत उभी राहिली. मुदपाकखान्यात येणारं मांस सुकं का, याची चौकशी झाली तेव्हा राजाला कारण कळलं. तो धावत आला तेव्हा एक लाख श्लोक शिल्लक होते. ‘कथासरित्सागरा’तच ही हकिगत आहे.

छापील मराठीत ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’चं कृष्णशास्त्री चिपळूणकरांचं काम १८६१ पासून येऊ लागलं. त्याच साली लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’, आणि १८६८ मध्ये नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’. पुढे गो. ना. दातारांनी ज्या इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांवरून ‘कालिकामूर्ति’, ‘इंद्रभुवनगुहा’ अशा रहस्यमय कादंबऱ्या रचल्या, त्याच रेनॉल्ड्सच्या उर्दू भाषांतरांची गोरखपुरात प्रेमचंदांच्या लहानपणी धूम होती. पण चोवीस भागांचं तिलिस्म मराठीत उभं राहिलं नाही. हरिभाऊ आपट्यांच्या ‘करमणूक’ने १८९० पासून वाचकाला दर आठवड्याला पुढच्या प्रकरणाची वाट पाहायला लावलं, ते ‘उष:काल’सारख्या गोष्टींसाठी. शिवकाल हाताशी असताना मराठी लेखकाला वेगळा अफरासियाब कशाला लागतो, असंही म्हणता येईल. हरिभाऊंच्याही काही कादंबऱ्या अर्ध्यावर राहिल्या.

मराठी घरांत खत्रींचं जग शिरलं ते पुस्तकातून कमी आणि दूरदर्शनवरून जास्त. १९९४ मध्ये नीरजा गुलेरी यांची ‘चंद्रकांता’ मालिका सुरू झाली आणि रविवारी सकाळी क्रूरसिंहचं ‘यक्कू’ सांगलीपासून चंद्रपूरपर्यंत पोरांच्या तोंडी बसलं. मालिकेने मूळ कथेतून बरंच काही गाळलं आणि त्याहून जास्त घातलं. खत्रींनी मेहनतीने काढून टाकलेली जादूही तिने परत आणली. एका अर्थाने ती लखनऊला परत गेली.

लखनऊच्या ४६ खंडांचं मात्र हळूहळू विस्मरण झालं. दिल्लीचे मीर बाकर अली १९२८ मध्ये वारले. शेवटचा मोठा दास्तानगो म्हणून त्यांचं नाव घेतात. उतारवयात ते सुपारी विकत. सिनेमा आला, उर्दूचा वाचक विखुरला, शिळाछापाची पुस्तकं रद्दीत गेली. पाटण्याच्या खुदाबख्श ग्रंथालयाने १९८८ मध्ये होशरुबाचं पुनर्मुद्रण केलं, तेव्हा निदान सात खंड परत हाती आले. बाकीच्यांच्या मागे लागले शम्सुर्रहमान फारुकी. उर्दूतले अव्वल समीक्षक, आणि पोटापाण्याला भारतीय टपाल सेवेतले अधिकारी. (प्रेमचंदांचे वडीलही पोस्टातले. टपालखातं आणि दास्तान यांचं काहीतरी गूळपीठ असावं.) त्यांनी वर्षानुवर्षं शोधून ४६ च्या ४६ खंड जमवले, सगळे वाचले आणि त्यांच्यावर अनेक खंडांचा अभ्यासग्रंथ लिहिला. छापण्याचा क्रम एक आणि कथेचा क्रम दुसरा, एका लेखकाने मारलेला माणूस दुसऱ्याकडे जिवंत. तेव्हा कुठल्या खंडानंतर कुठला वाचायचा, हेही त्यांना लावून घ्यावं लागलं. आधुनिक कादंबरीच्या मापाने दास्तान मोजू नका, हे त्यांचं मुख्य सांगणं. ती ऐकायची चीज आहे, तिला पुनरुक्तीचं वावडं नाही आणि शेवटाची घाईही नाही.

त्यांचे पुतणे महमूद फारुकी यांनी २००५ मध्ये दिल्लीत होशरुबाचे तुकडे पुन्हा रंगमंचावर सांगायला सुरुवात केली. पांढरा अंगरखा, टोपी, शेजारी एक जोडीदार, समोर पाण्याचे कटोरे. बाकी काही नाही. प्रयोग तासा-दोन तासांचा. शम्सुर्रहमान फारुकी २०२० च्या डिसेंबरमध्ये अलाहाबादला निवर्तले. मुशर्रफ अली फारुकी या पाकिस्तानी लेखकाने होशरुबा समग्र इंग्रजीत आणण्याचा घाट घातला, त्याचा पहिला भाग २००९ मध्ये निघाला. योजना चोवीस भागांची होती.